तिठ्यावरचा पाऊण तास कुणाच्या खात्यात?

मागच्या महिन्यात रत्नागिरीत एका सभेला गेलो होतो. विषय होता जिल्ह्यातली सार्वजनिक वाहतूक. वाहतुकीच्या कारभारात उभं आयुष्य काढलेले एक गृहस्थ बोलायला उठले आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी एका अभ्यासाची यथेच्छ टर उडवली. तो अभ्यास मी गेली काही वर्षं जमेल तसा शिकतो आहे, म्हणून हा लेख.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. देशभरची सार्वजनिक वाहतूक एकावर एक थर रचलेल्या जाळ्यासारखी मांडायची, रेल्वेचा एक थर, बसचा एक, फेरीबोटीचा एक, विमानाचा एक, आणि मग थराथरांना जोडणारे धागे मोजत बसायचं, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. कोकणाला गाड्या हव्यात, आकृत्या नकोत. गाडी भरते की नाही ते बघा. भरत असेल तर दुसरी सोडा, नसेल तर बंद करा. नकाशा भिंतीवर टांगलेला आहेच. कुठे काय अडतं ते आगारातल्या वाहतूक नियंत्रकाला तोंडपाठ असतं. असली खुळं ब्रिटनला आणि स्वित्झर्लंडला परवडतात, आमच्याकडे अर्धा गाव वडापने, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खाजगी गाडीने जातो आणि वडापला वेळापत्रक नसतं. गृहस्थ बसले. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक असे होते की ज्यांना घरी परतताना दोनदा गाडी बदलायची होती.

मी हातखंब्याचा. मुंबई-गोवा महामार्ग उत्तरेकडून निवळीवरून येतो, दक्षिणेला पालीकडे जातो, आणि रत्नागिरी शहराचा रस्ता इथून पश्चिमेला फुटतो. पालीला पोचलं की नाणीज, साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूरची वाट धरता येते. म्हणजे मुंबईकडचा, गोव्याकडचा आणि घाटावरचा माणूस रत्नागिरीला यायचा तर आमच्या तिठ्यावर वळतो, आणि ज्याला रत्नागिरीला जायचंच नाही तो इथे उतरतो. या उतरणाऱ्या माणसाबद्दल मला बोलायचं आहे, कारण त्या गृहस्थांच्या हिशेबात तो कुठेच नाही.

परवाचीच गोष्ट. सकाळी साडेदहाच्या सुमारास साखरप्याकडून आलेल्या गाडीतून एक आजी उतरल्या. सोबत सात-आठ वर्षांची नात, हातात तांदळाची पिशवी, काखेत घडी घातलेलं प्लास्टिकचं इरलं. त्यांना जायचं होतं जाकादेवीला, लेकीकडे. म्हणजे इथून निवळी फाटा, आणि फाट्यावरून गणपतीपुळ्याच्या रस्त्याची गाडी. त्यांनी मला विचारलं, "निवळीला जायची गाडी गेली काय हो आताच?" गेली होती. आजींनी पिशवी भिंतीला टेकवली, नातीला पिशवीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. निवळीपर्यंतची वाट जेमतेम दहा मिनिटांची. आजी तिथे पाऊण तास उभ्या होत्या. मग एक वडाप आलं, त्यात त्या मागच्या बाकावर कशाबशा बसल्या. निवळी फाट्यावर पुन्हा किती थांबल्या असतील ते मला दिसलं नाही.

आता हा प्रवास वेगवेगळ्या वह्यांमध्ये कसा लिहिला गेला ते बघा. साखरप्याच्या गाडीच्या वहीत: दोन तिकिटं, गाडी वेळेवर. वडापवाल्याच्या खिशात: दोन सीट. जाकादेवीच्या गाडीत: पुन्हा दोन तिकिटं. तिन्ही ठिकाणी सगळं सुरळीत. तो पाऊण तास मात्र कुणाच्याच वहीत नाही. तो आजींच्या पायांत गेला. थरांचं जाळं मांडणारे जे करतात ते एवढंच, की त्या पाऊण तासाला ते वहीत जागा देतात. हातखंबा हे ठिकाण बसच्या थरात एकदा लिहितात, वडापच्या थरात पुन्हा एकदा लिहितात, आणि या दोन हातखंब्यांच्या मध्ये एक धागा ओढून त्यावर मिनिटं मांडतात. थांबणं हासुद्धा एक रस्ताच मानतात, इतर रस्त्यांसारखाच, मोजता येणारा आणि कमी करता येणारा. या विद्येचा गाभा हाच आहे, आणि याला रिकामटेकडा उद्योग म्हणणाऱ्याने एकदा त्या भिंतीपाशी पाऊण तास उभं राहून दाखवावं.

"गाडी भरते की नाही बघा." एसटीच्या भाषेत याला भारमान म्हणतात. शंभर सीटांमागे किती भरल्या, याचा हा आकडा. भारमान बघू नये असं मी म्हणत नाही, डिझेल फुकट येत नाही. पण एकेक फेरी सुटी काढून तिचं भारमान बघणं म्हणजे आंब्याच्या झाडाच्या प्रत्येक मुळीला वेगवेगळं विचारणं, की बाई, तू किती आंबे दिलेस? समजा, तिठ्यापासून आत जाणाऱ्या एखाद्या वाडीची संध्याकाळची फेरी आहे. तिच्यात रोज दहाबारा माणसं. हिशेबनीस म्हणतो, तोट्यात आहे, बंद करा. फेरी बंद होते. पण ती दहाबारा माणसं तिठ्यावर उगवलेली नसतात. ती सकाळी वाडीतून निघून रत्नागिरीला कॉलेजला, कचेरीत, सिव्हिल हॉस्पिटलात गेलेली असतात. परतीची गाडी नाही म्हटल्यावर ती सकाळचीही गाडी सोडतात. कुणी दुचाकी घेतो, कुणी रत्नागिरीत खोली घेतो, कुणाच्या मुलीचं कॉलेज सुटतं. मग सकाळच्या फेरीचं भारमान घसरतं, मग रत्नागिरीच्या मोठ्या रस्त्यावरच्या गाडीचंही थोडं घसरतं, आणि पुढच्या वर्षी हिशेबनीस तिच्याकडे बोट दाखवतो. पहिल्या फेरीचा तोटा खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण ती फेरी इतर तीन फेऱ्यांना किती माणसं आणून देत होती हे तिच्या भारमानात लिहिलेलं नसतं. ते फक्त जाळ्यात दिसतं. धागा एक काढून बघा, बाकीचं किती सैल पडतं ते मोजा, मग ठरवा. हे काम संगणक चुटकीसरशी करतो आणि माणसाला ते डोक्यात धरता येत नाही.

वस्तीच्या गाडीचंही असंच. रात्री गावात जाऊन मुक्काम करणारी आणि पहाटे तिथून सुटणारी ती गाडी. रात्रीच्या फेरीत चार माणसं असतात, भारमान मिळत नाही. पण तीच गाडी पहाटे गावात उभी असते, म्हणून गावातला माणूस सकाळची रेल्वे गाठू शकतो. रात्रीचा तोटा आणि पहाटेचा उपयोग हे एकाच धाग्याचे दोन पदर आहेत. एक कापला की दुसरा राहत नाही. हे कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला कळतं. तोट्याच्या तक्त्याला कळत नाही, कारण तक्त्यात दोन फेऱ्या दोन ओळींत लिहिलेल्या असतात.

आणि ते "नकाशा भिंतीवर आहेच" हे तर मला ऐकवेना. हातखंब्यापासून जवळच पानवलचा पूल आहे. कोकण रेल्वेचा, ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच. भिंतीवरच्या नकाशात आमच्या भागात रेल्वेची रेघ आणि महामार्गाची रेघ एकमेकींना इतक्या चिकटून जातात की परक्या माणसाला वाटेल, वा, काय सोय आहे, गाडीतून उतरा आणि गाडीत बसा. प्रत्यक्षात त्या पुलावरून जाणारी गाडी पानवलच्या माणसाला फक्त ऐकू येते. ती गाठायची तर रत्नागिरी स्टेशनात जायला हवं, आणि स्टेशन शहराच्या एसटी स्टँडपासून काही किलोमीटर बाहेर. नकाशातला छेद आणि माणसाला मिळणारी गाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेघा छेदतात तिथे उतरता येतंच असं नाही, आणि जिथे उतरता येतं तिथे पुढची गाडी लागून असतेच असं नाही. सपाट नकाशाला हा भेद सांगताच येत नाही. थर वेगळे केल्याशिवाय तो कागदावर उमटत नाही.

कोकण रेल्वेनेच हा भेद आपल्या पाट्यांवर लिहून ठेवला आहे. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. या प्रत्येक नावातला "रोड" हा शब्द प्रवाशाला प्रामाणिकपणे सांगतो की बाबा, गाव इथे नाही, गावाचा रस्ता इथे आहे. त्या रस्त्याला किती मिनिटं लागतात, रात्री अकराला उतरलात तर त्या रस्त्यावर काय मिळतं, हे पाटीवर मावत नाही. मी ज्याला दोन थरांतला धागा म्हणतो तो हाच "रोड". नाव सगळे रोज वाचतात, मोजत कुणी नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. रेल्वे किनाऱ्याने न्यावी की आतून, गावांच्या उशाशी न्यावी की डोंगर फोडून सरळ, यावर आमच्या वडीलधाऱ्यांनी पारावर रात्री जागवल्या. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला आणि तो वाद संपला असं सगळ्यांना वाटलं. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की वाद चुकीच्या जागी चालला होता. रूळ कुठून गेले हे एकदाच ठरायचं होतं. स्टेशनापासून घरापर्यंत माणूस कसा जाणार, हे रोज ठरवायचं होतं, आणि त्यावर कुणी रात्र जागवली नाही.

आमच्या आजोबांची पिढी या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणी होती. तेव्हा मुंबईहून बोटी येत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं लागत. मोठी बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर येत. बोटीचा दिवस ठरलेला, म्हणून पडाव ठरलेला, म्हणून बंदरावर बैलगाड्या ठरलेल्या. बोटीला उशीर झाला तर गाडीवाला बैल सोडून तिथेच भाकरी खाई, पण निघून जात नसे, कारण त्याचं भाडं त्या बोटीत होतं. पावसाळ्यात बोटी बंद, तर पडावही बंद आणि गाड्याही शेताला. पाणी आणि जमीन हे दोन थर एकमेकांच्या वेळेने चालत. त्यांच्याकडे संगणक नव्हता, पण दोन वाहनं एकमेकांना बांधलेली असतात ही समज होती.

आता बाकीचे आक्षेप.

वाहतूक नियंत्रकाला सगळं तोंडपाठ असतं: असतं, आणि त्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण त्याच्या तोंडी त्याच्या आगाराच्या गाड्या असतात, रेल्वेच्या नसतात, तवसाळच्या फेरीबोटीच्या नसतात. आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जातं.

हे परदेशी खूळ आहे: रेल्वेही परदेशीच होती. शिवाय भारतीय रेल्वेचं जाळं गणिताने तपासण्याचं काम २००३ सालीच कोलकात्याच्या संशोधकांनी करून प्रसिद्ध केलं आहे. ज्या दोन स्टेशनांवर एकच गाडी थांबते ती थेट जोडलेली, असं धरून त्यांनी दाखवलं की देशात कुठल्याही स्टेशनावरून कुठेही थोड्याच बदलांत पोचता येतं. काम पक्कं आहे. फक्त त्यात एकच थर आहे, आणि बदल मोजले आहेत, बदलताना गेलेला वेळ नाही. पुढचं पाऊल ब्रिटनच्या वेळापत्रकांवर पडलं. रिकार्डो गालोट्टी आणि मार्क बार्थेलेमी या दोघांनी २०१० सालची तिथली रेल्वे, मेट्रो, शहरी बस, लांब पल्ल्याच्या बस, फेरीबोट आणि विमान अशी सगळी वेळापत्रकं थरांत मांडली. २०१४ साली त्यांनी लिहिलं की एकापेक्षा जास्त प्रकारच्या वाहनांनी केलेल्या प्रवासात सरासरी २३ टक्के वेळ वाहन बदलण्यात जातो. वेळापत्रकं छापलेली, गाड्या भरपूर, तरी जवळजवळ चौथा हिस्सा. आणि आम्ही आमचा हिस्सा मोजायचाच नाही म्हणतो.

स्वित्झर्लंडचं नाव त्या गृहस्थांनी ज्या सुरात घेतलं तो सूर मला पटला नाही. त्या लोकांनी १९८२ साली देशभर गाड्या ठराविक अंतराने सोडायला सुरुवात केली. पुढे २००४ च्या डिसेंबरात नव्या रुळांवर झुरिच ते बर्न हा प्रवास एका तासाच्या आत आणला. तासाच्या आत का? दोन्ही टोकांना इतर गाड्या तासाच्या ठोक्याला जमलेल्या असतात, त्या चुकू नयेत म्हणून. वेग किती हवा हे त्यांनी पुढच्या गाडीवरून ठरवलं. यात श्रीमंतीपेक्षा विचाराचा भाग मोठा आहे.

वडापला वेळापत्रक नसतं: खरं. नैरोबीत मटाटू नावाची अशीच खाजगी वाहनं अर्धं शहर वाहतात, त्यांनाही वेळापत्रक नसतं. तिथल्या विद्यापीठातल्या मुलांनी हातात मोबाइल घेऊन मटाटूतून प्रवास केला, वाटा आणि थांबे टिपले, आणि २०१४ साली सगळ्या शहराचा मटाटूंचा नकाशा लोकांसमोर ठेवला. वेळापत्रकांची जी नोंदपद्धत आज जगभर वापरतात तिच्यात वेळ ठरलेली नसलेल्या वाहनांसाठी वेगळी जागाच आहे. सुटण्याची वेळ लिहायची नाही, साधारण किती मिनिटांनी एक येतं ते लिहायचं. तिठ्यावरचा टपरीवाला हा आकडा प्रत्येक बाजूचा सांगू शकतो, सकाळचा वेगळा आणि दुपारचा वेगळा.

गणपतीत जादा गाड्या सोडतात तशा बारा महिने सोडा, असंही ते म्हणाले. गणपतीच्या आदल्या रात्री आमच्या तिठ्यावर येऊन बघा. मुंबईहून गाड्यांमागून गाड्या येतात आणि पहाटे तीनला माणसं बॅगांवर बसलेली असतात, पोरं आईच्या मांडीवर झोपलेली. मोठा धागा जाड केला, बारीक धागे तसेच ठेवले, तर गर्दी फक्त घराच्या अलीकडे आणून सोडली जाते.

एक गोष्ट या सगळ्याहून मोठी आहे आणि ती बोलताना माझा आवाज चढतो. २२ जुलै २०२१. चिपळूण बुडालं. वाशिष्ठीच्या पुरामुळे कोकण रेल्वे थांबली आणि महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूलही खचला. त्याच दिवसांत आंबा घाटात दरडी आल्या आणि कोल्हापूरची वाट अडली. आपण समजत होतो की रस्ता गेला तर रेल्वे आहे, रेल्वे गेली तर घाट आहे. तिन्ही एकदम गेले, कारण तिन्ही एकाच पावसात आणि पहिले दोन तर एकाच नदीवर. वेगवेगळ्या कचेऱ्यांत वेगवेगळे नकाशे टांगले की हे दिसत नाही. थर एकावर एक ठेवले की लगेच दिसतं की वाशिष्ठी दोन्ही थरांना एकाच जागी कापते. मग आधीच विचार करता येतो: संगमेश्वरहून देवरुख, देवरुखहून साखरपा हा आतला रस्ता अशा वेळी किती गाड्या पेलेल? तवसाळ-जयगडची आणि दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट किती माणसं पलीकडे नेईल? एरवी दाभोळहून गुहागरला जायचं तर रस्त्याने चिपळूणचा वळसा घालावा लागतो, म्हणजे नेमका तोच बुडणारा भाग. हातखंब्याच्या उतारावर एखादा टँकर उलटला तरी हाच प्रश्न लहान प्रमाणात पडतो. उत्तर दर वेळी वायरलेसवरून, घाईत, पोलिसांनी शोधायचं का?

मग करायचं काय? त्या गृहस्थांनी मला हे विचारलं असतं तर सांगितलं असतं. जिल्ह्यातले दहा तिठे निवडावे. प्रत्येक तिठ्यावर कोणत्या वाहनातून उतरलेला माणूस कोणत्या वाहनात चढतो आणि मध्ये किती थांबतो, हे एक आठवडा टिपावं. कॉलेजची पोरं हे करतील, त्यांचं स्वतःचंच दुखणं आहे. एसटीच्या आणि रेल्वेच्या वेळा एका जागी, सगळ्यांना घेता येतील अशा रूपात ठेवाव्यात. कोकण रेल्वेचं वेळापत्रक दर पावसाळ्यात बदलतं, गाड्या हळू चालतात. ते बदलेल त्या दिवशी स्टेशनाला लागून असलेली प्रत्येक बस पुन्हा तपासावी. आणि कुठलीही फेरी बंद करण्याआधी ती काढल्यावर जाळ्यातल्या किती माणसांचा प्रवास तुटतो तो आकडा भारमानाच्या शेजारी लिहावा. त्यानंतरही बंद करायची असेल तर करावी, पण तो आकडा वाचून करावी. गाड्या वाढवू नयेत असं यात कुठेही नाही. कुठली गाडी पंधरा मिनिटं पुढे-मागे केली तर नवी गाडी न घेता दोनशे माणसं लवकर घरी जातील, हे आधी कळावं इतकंच.

मी सुरुवात केली आहे. दोनशे पानी वही आहे, तिच्यात तिठ्याच्या तीन बाजूंची तीन सदरं आखली आहेत. उतरलेल्याची वेळ, चढलेल्याची वेळ, आणि कुठून कुठे. रत्नागिरीची बाजू झाली. पालीची बाजू सकाळची झाली, संध्याकाळची राहिली आहे. निवळीच्या बाजूच्या पहिल्या पानावर पहिली नोंद त्या आजींची आहे: साखरपा ते जाकादेवी, उतरल्या दहा पस्तीस, चढल्या अकरा वीस.